गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा दुखतेय: विश्रांती, इंजेक्शन की वजन?

मैदानमास्तर

नमस्कार मंडळी. धाराशिव जिल्ह्यातल्या एका शाळेत मी मुलींना खो-खो शिकवतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, पुरुष आणि महिला असे दोन्ही चषक भारताने जिंकले, आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्राचे. तेव्हापासून मैदानावर पोरींची गर्दी वाढलीय. आनंदच आहे. पण त्याबरोबर गुडघा धरून बाजूला बसणाऱ्याही वाढल्यात, आणि त्यांना काय सांगायचं याबद्दल इथल्या जाणकारांचा सल्ला हवाय.

पहिली मुलगी दहावीतली, आक्रमणात आमची सगळ्यात तेज. खो-खो ज्यांनी खेळलाय त्यांना माहीत आहे, चौकोनात उकिडवं बसायचं, पाठीवर थाप पडली की त्याच क्षणी उसळून पळायचं. एका डावात हे किती वेळा होतं याला गणतीच नाही. तिला वाटीच्या खालच्या टोकाला दुखतं. बोट ठेवून दाखवते, अगदी त्याच जागी. सरावाच्या सुरुवातीला ठणकतं, अंग गरम झालं की थांबतं, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना परत डोकं वर काढतं. महिनाभर पूर्ण विश्रांती दिली. दुखणं गेलं. मैदानावर परतली आणि आठवड्याच्या आत जैसे थे.

आता तिच्या वडिलांना एका ठिकाणी सांगितलंय की स्टिरॉइडचं एक इंजेक्शन थेट त्या जागी घ्या, तीन आठवड्यांनी जिल्हा स्पर्धा आहे ती आरामात खेळेल. वडील मला विचारतायत, "सर, घेऊ का?"

दुसरी मुलगी संरक्षणात असते. खांबाजवळ हूल देऊन वळताना पाय जमिनीत रुतल्यासारखा झाला, गुडघ्यातून कट्ट असा आवाज आला, आणि संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारं लिगामेंट, पूर्ण तुटल्याचं आलंय. घरचे ऑपरेशनला घाबरलेत. गावातले हाडवैद्याकडे न्या म्हणतात.

दोन्ही पोरी गुणी आहेत. कृपया नीट सांगा.

पळता_भुई

सर, इंजेक्शन घेऊ देऊ नका. माझ्या टाचेच्या कंडरेवर, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीवर, हा प्रयोग झालाय. पहिला महिना स्वर्ग, मग आधीपेक्षा वाईट. सविस्तर मृण्मयीताई लिहितीलच.

मृण्मयी_फिजिओ

मैदानमास्तर, तुम्ही वर्णन इतकं नेमकं केलंय की अर्धं काम झालं. मी पुण्यात खेळाडूंसोबतच काम करते, तरी हात लावून तपासल्याशिवाय निदान होत नाही, हे आधीच सांगते. आज पहिल्या मुलीबद्दलच लिहिते. एसीएलवर रात्री सवडीने लिहीन, तो विषय घाईचा नाही.

आधी एक गोष्ट बघा. दुखणं वाटीच्या टोकालाच आहे, की त्याच्या खाली, नडगीच्या हाडावर जो उंचवटा लागतो तिथे? वाढीच्या वयात, साधारण ११ ते १५, त्या उंचवट्यावर दुखून तिथे टेंगूळ येतं. त्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. तिथे हाड अजून पक्कं झालेलं नसतं, त्यामुळे तिथला हिशेब वेगळा: उड्या आणि उकिडवं बसणं काही काळ कमी करायचं, मांडीची ताकद हळूहळू वाढवायची, वाढ पूर्ण झाली की बहुतेकांचं आपोआप थांबतं. तुमच्या मुलीचं बोट टोकावर जातंय, त्यामुळे वाटीखालच्या कंडरेचाच संशय जास्त. तरी एकदा तपासून घ्या.

आता कंडरेबद्दल. सुताचे धागे पिळून दोर वळावा तसे तिच्यात कोलॅजन या प्रथिनाचे तंतू एका दिशेने घट्ट रचलेले असतात. खेळाडूच्या शरीरात ही कंडरा स्प्रिंगचं काम करते, ताण साठवते आणि सोडते. धावताना टाचेच्या कंडरेवर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट भार येतो, आणि निरोगी कंडरा तो बिनतक्रार पेलते. भार झेपेल त्याहून वेगाने वाढला की तंतूंची रचना विस्कटते. मैदान बंद असलेल्या सुट्टीनंतर एकदम रोज दोन वेळा सराव, हे त्याचं नेहमीचं कारण. तुमच्याकडे असं काही झालं होतं का, आठवून बघा.

इथे नुसती सूज हा मूळ आजार नाही. म्हणून सुजेच्या गोळ्यांनी दुखणं दबतं, पण कंडरेची रचना तशीच राहते. विश्रांतीचंही तसंच. महिनाभर बसवल्यावर दुखणं थांबलं कारण भारच नव्हता. पण त्या महिन्यात कंडरेची आणि मांडीची भार पेलायची ताकदही उतरली. परत आली ती जास्त कमकुवत गुडघा घेऊन, आणि मैदान तेच. मग दुखणारच.

उपाय म्हणजे वजन. मोजून, संथपणे, वाढवत नेलेलं वजन. ढोबळ टप्पे सांगते:

सुरुवातीला स्थिर ताण. भिंतीला पाठ टेकून हवेत खुर्चीवर बसल्यासारखं बसायचं, ४५ सेकंद, पाच वेळा, मध्ये दोन मिनिटं दम. काहींचं दुखणं लगेच हलकं होतं. सगळ्यांचंच होतं असं नाही, पण सुरुवात करायला हे सुरक्षित आहे.

मग जड आणि संथ व्यायाम, एक दिवसाआड. पाठीवर वजन घेऊन बैठक, तीन-चार सेकंदांत खाली, तीन-चार सेकंदांत वर. आधी १५ वेळा जमेल इतकं वजन, आणि पुढच्या आठवड्यांत वजन वाढवत ६ ते ८ वेळाच जमेल इथपर्यंत. आपल्याकडे चूक होते ती इथेच. पोरींना हलक्या रबरी पट्ट्या देऊन महिनोनमहिने बसवून ठेवतात. त्याने कंडरेला काहीच कळत नाही. वजन खरोखर जड हवं.

ते झेपलं की उड्या, मग वेगाने धावून थांबणं, आणि सगळ्यात शेवटी चौकोनातून उसळणं. शेवटचा टप्पा आधी आणला की सगळं मुसळ केरात.

दुखणं कसं वाचायचं: व्यायाम करताना दहापैकी तीन-चारपर्यंत दुखलं तर चालेल. खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी. तीच पायरी, तीच एका पायावरची अर्धी बैठक. कालच्यापेक्षा वाढलं नसेल तर भार बरोबर होता. वाढलं असेल तर एक पायरी मागे या, पण बंद करू नका.

वेळ किती? किमान तीन महिने धरा. जास्तही लागतील. तीन आठवड्यांत जिल्हा स्पर्धा हे गणित या दुखण्यात बसत नाही, आणि हे वडिलांना तुम्हीच सांगायला हवं. मुलगी स्वतः कधीच सांगणार नाही.

इंजेक्शनबद्दल एवढंच: ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला टेनिस एल्बोच्या (कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या कंडरेचं दुखणं) १९८ रुग्णांवर झालेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. स्टिरॉइड इंजेक्शन, व्यायामोपचार, आणि नुसतं थांबून बघणं असे तीन गट. सहा आठवड्यांना इंजेक्शनवाले सगळ्यांत पुढे. वर्षाअखेरीस तेच सगळ्यांत मागे, कारण त्यांच्यात दुखणं उलटण्याचं प्रमाण फार होतं. शिवाय वाटीखालची कंडरा उडीत प्रचंड ताण झेलते, तिच्यात स्टिरॉइड टोचलं तर ती तुटायचा धोका असतो. दहावीतल्या मुलीला हे कोणी सुचवावं याचा मला खरंच राग येतो.

पंच_मिरज

मृण्मयीताईंच्या पोस्टला एक जोड. १ जानेवारी २०२२ पासून जागतिक उत्तेजकविरोधी नियमांत स्पर्धाकाळात स्टिरॉइडची सगळी इंजेक्शनं बंदी यादीत आहेत, सांध्यात किंवा कंडरेजवळ दिलेलीसुद्धा. आधी सांध्यातल्या इंजेक्शनला मुभा होती, त्यामुळे अनेक डॉक्टर अजून जुन्याच समजुतीवर चालतात. औषधानुसार ते अंगातून निघायला तीन ते दहा दिवस धरायला सांगतात. आज जिल्हा स्पर्धेत कोणी तपासणी करणार नाही, पण पोरगी राष्ट्रीयपर्यंत गेली तर? वैद्यकीय गरज असेल तर रीतसर परवानगी घेता येते. औषधाच्या चिठ्ठ्या जपून ठेवायची सवय आत्तापासून लावा.

आर्याची_आई

एक शंका. सचिनला टेनिस एल्बो झाला होता, तेव्हा घराघरात तेच बोलणं असायचं. त्याचं तर ऑपरेशन झालं आणि तो नंतर कितीतरी वर्षं खेळला. मग ऑपरेशन करून मोकळं का होऊ नये?

मृण्मयी_फिजिओ

@आर्याची_आई, छान प्रश्न. सचिनचं कोपराचं दुखणं २००४ मध्ये सुरू झालं, ऑपरेशन मे २००५ मध्ये लंडनला. म्हणजे आधी बाकीचे उपाय करून बघण्यात बराच काळ गेला. ग्वाल्हेरचं द्विशतक २०१० चं, आणि तो खेळला २०१३ पर्यंत. पण ऑपरेशन संपलं की दुखणं संपलं असं नसतं. पुढे महिनोनमहिने तोच व्यायाम करावा लागतो. टेनिस एल्बोच्या बहुतेक रुग्णांना ऑपरेशनची वेळच येत नाही.

नीरज चोप्राचं कोपर बघा. मे २०१९ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली, त्या वर्षीची दोहाची जागतिक स्पर्धा सोडली, आणि जानेवारी २०२० मध्ये दक्षिण आफ्रिकेत पहिल्याच पुनरागमनात ८७.८६ मीटर फेकून ऑलिंपिकची पात्रता गाठली. जागतिक स्पर्धा सोडायचं धाडस त्याने दाखवलं, ते मला टोकियोच्या सुवर्णाइतकंच मोठं वाटतं.

उत्तरेकडची_वाट

कोपनहेगनहून लिहितेय. इथे बॅडमिंटन म्हणजे आपल्याकडच्या क्रिकेटसारखं, गल्लोगल्ली क्लब. माझ्या टाचेच्या कंडरेने असहकार पुकारला तेव्हा इथल्या फिजिओने गोळी नाही दिली, पट्टा नाही दिला, सरळ जिममध्ये नेऊन खांद्यावर बार ठेवला. मी हादरलेच होते. दुखऱ्या पायावर वजन! पण तीच इथली पद्धत आहे, आणि त्यामागे इथलं संशोधनही आहे.

आधी स्वीडनमधली गोष्ट. हाकन आल्फ्रेडसन हे तिथले अस्थिशल्यविशारद. त्यांचीच टाच दुखत होती आणि त्यांच्यावर ऑपरेशन करायला त्यांच्या वरिष्ठांनी नकार दिला. तेव्हा त्यांनी टाच पायरीवरून खाली नेणारा व्यायाम वजन घेऊन सुरू केला, आणि टाच बरी झाली. १९९८ मध्ये त्यांनी १५ धावपटूंवरचा अभ्यास छापला: गुडघा सरळ ठेवून १५ वेळा तीन फेऱ्या, गुडघा वाकवून तेवढ्याच, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. रोजचे १८० होतात. ते सगळे धावायला परतले.

पुढे डेन्मार्कमध्ये जड-संथ व्यायामाची त्याच्याशी तुलना झाली, २००९ मध्ये वाटीखालच्या कंडरेवर आणि २०१५ मध्ये टाचेच्या. आठवड्यातून तीनच दिवस, पण भारी वजन. फायदा तोडीस तोड. २००९ च्या अभ्यासात स्टिरॉइड इंजेक्शनचाही गट होता. सुरुवातीला तोही बरा वाटला, पण सहा महिन्यांनी मागे पडला. मैदानमास्तर, शाळा-अभ्यास सांभाळून मुलीला तीन दिवसांचंच वेळापत्रक झेपेल असं वाटतं.

आणखी एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. १९५० आणि ६० च्या दशकांत अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ हा किरणोत्सर्गी कार्बन वाढला होता. त्याचा माग धरून इथल्या शास्त्रज्ञांनी माणसांच्या टाचेच्या कंडरेचं वय मोजलं. कंडरेचा गाभा जवळपास सगळा वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत तयार होतो, आणि पुढे फारसा बदलत नाही, असं २०१३ मध्ये त्यांना आढळलं. म्हणजे तुमच्या दहावीतल्या मुली आज ज्या कंडरा घडवतायत, त्याच त्यांना आयुष्यभर पुरवायच्या आहेत. हे वाचल्यापासून मी माझ्या लेकीला दोरीवरच्या उड्या मारायला पाठवते.

लाल_माती

कोल्हापूरकडचा, तालमीत वाढलेला. हाडवैद्याचा विषय निघाला म्हणून लिहितो.

आमच्या तालमीत वस्तादांचा हात ज्याने अनुभवलाय तो हाडवैद्याची टिंगल करणार नाही. निखळलेला खांदा बसवणारी माणसं मी डोळ्यांनी बघितलीत. पण तुटलेलं लिगामेंट चोळून जुळत नाही, हे तितकंच खरं. आणि ताज्या सुजलेल्या गुडघ्याला मालिश तर नकोच. आत रक्त साचलेलं असतं, चोळून ते वाढतं. पहिले दोन-तीन दिवस पट्टी बांधा, पाय उंच ठेवा, बर्फाने दुखणं कमी होतं. वजन अजिबात टाकता येत नसेल, चार पावलंही चालता येत नसतील, तर आधी एक्स-रे.

दुसरं, आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं. आमच्याच तालमीतला एक गडी. लघवीला जळजळ म्हणून मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिकची पट्टी आणली, लिव्होफ्लॉक्सासिन. गोळ्या चालू असताना पहाटे पळायला गेला आणि टाचेची कंडरा तुटली. मागून कोणी लाथ मारली असं वाटून त्याने वळून बघितलं, मागे कोणीच नव्हतं. त्या गोळीने हे होऊ शकतं हे त्याला नंतर मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. ताई, यात तथ्य आहे ना?

मृण्मयी_फिजिओ

पूर्ण तथ्य आहे, दादा. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन या गटातल्या गोळ्यांनी कंडरा कमकुवत होऊन तुटू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. सोबत स्टिरॉइड घेतलं असेल तर धोका आणखी वाढतो. आपल्याकडे जुलाब झाले की याच गटातली गोळी घेतात. खेळाडूने डॉक्टरांना "मी रोज पळतो, दुसरं काही चालेल का?" एवढं जरूर विचारावं. आणि गोळ्या चालू असताना टाच दुखायला लागली तर सराव त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना फोन करावा. मागून लाथ बसल्यासारखं वाटणं हे टाचेची कंडरा तुटल्याचं अगदी ठरलेलं वर्णन आहे.

आता एसीएल.

मैदानमास्तर, घाबरलेल्या घरच्यांना आधी हे सांगा: हे रातोरात ऑपरेशन करायचं दुखणं नाही. गुडघा अडकून पडत असेल, सरळच होत नसेल, किंवा गादी (गुडघ्यातल्या दोन हाडांमधली कूर्चा) फाटून मध्ये आली असेल तर घाई लागते. अहवालात गादीबद्दल काय लिहिलंय ते शल्यविशारदांना नीट विचारा. बाकी वेळी सूज उतरवायची, गुडघा पूर्ण सरळ करायचा, मांडी जागी करायची, आणि मग ठरवायचं.

स्वीडनमध्ये १२१ तरुण रुग्णांवर अभ्यास झाला, २०१० मध्ये छापून आला. अर्ध्यांचं लवकर ऑपरेशन, अर्ध्यांना आधी व्यायाम आणि गरज पडली तरच ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांत ठळक फरक दिसला नाही. व्यायामवाल्या गटातल्या जवळपास अर्ध्या जणांनी पाच वर्षांत ऑपरेशन करून घेतलं, बाकीच्यांना लागलंच नाही. पण खो-खो म्हणजे सतत वळणं आणि हूल देणं. त्याच पातळीवर खेळायचं असेल तर बहुतेक शल्यविशारद नवं लिगामेंट बसवायला सांगतील, आणि वय लहान असेल तर गादी वाचवण्यासाठीही. तो निर्णय मुलीचा, आई-वडिलांचा आणि डॉक्टरांचा. ऑपरेशन टाळणं हा गुन्हा नाही आणि करून घेणं म्हणजे भित्रेपणा नाही. फक्त गुडघा लटपटत असताना मैदानावर उतरवू नका, दर लटपटीला गादी भरडली जाते.

आणि ऑपरेशन केलं तर नऊ महिने. हा आकडा फळ्यावर लिहून ठेवा. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या रुग्णांवर झालेल्या २०१६ च्या अभ्यासात असं दिसलं, की नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितके महिने लांबवलं, तितकं दर महिन्याला गुडघा पुन्हा दुखावण्याचं प्रमाण निम्म्याने खाली आलं. पाचव्या-सहाव्या महिन्यात पोरीला वाटतं मी ठणठणीत आहे. चालणं-पळणं छान होतं, सूज नसते. तेव्हाच सगळ्यात जास्त जपायचं. नऊ महिने झाले आणि दुखऱ्या पायाची ताकद आणि एका पायावरची लांब उडी चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के आली, तरच खेळ.

विनेश फोगाट घरच्यांना दाखवा. रिओला २०१६ मध्ये उपउपांत्य लढतीत गुडघा गेला, स्ट्रेचरवरून बाहेर नेलं. २०१८ मध्ये जकार्ताला आशियाई सुवर्ण. ऑगस्ट २०२३ मध्ये पुन्हा एसीएल, मुंबईत शस्त्रक्रिया, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला एका दिवसात तीन लढती जिंकून अंतिम फेरी गाठली. गुडघ्याने साथ दिली. वजनाचा प्रसंग वेगळा, त्याचं दुःख वेगळं.

आर्याची_आई

हे मुलींनाच जास्त होतं का? माझी आर्या सातवीत आहे, हँडबॉल खेळते.

मृण्मयी_फिजिओ

हो, सारख्याच खेळात मुलींना एसीएलची दुखापत मुलांच्या दोन-तीन पट होते. सांध्याची ठेवण, हार्मोन्स, आणि ताकदीच्या व्यायामात मुलींना कमी वेळ मिळणं, अशी अनेक कारणं सांगितली जातात. शेवटचं कारण आपल्या हातातलं आहे. आर्याला उडीवरून उतरताना समोरून बघा. गुडघे एकमेकांकडे आत झुकतात का? झुकत असतील तर उतरायला शिकवावं लागेल, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवून, आवाज न करता. आठवड्यातून दोन-तीनदा, सरावाआधी पंधरा-वीस मिनिटं: एका पायावरचा तोल, उड्या, धावून थांबणं, मांडीमागच्या स्नायूंची ताकद. फुटबॉलमध्ये 'फिफा ११+' या नावाने असा कार्यक्रम आहे. तो नियमित केला की दुखापती घटतात हे चांगलं तपासून झालंय. त्याला खर्च काहीच नाही.

मैदानमास्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. कालचा दिवस यातच गेला.

पहिल्या मुलीच्या वडिलांशी बोललो. इंजेक्शन रद्द. जिल्हा स्पर्धेला ती संघासोबत येईल, गणवेशात, पण खेळणार नाही. थोडी रडली. ताईंनी विचारलं तसं आठवून बघितलं: होय, दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच मी दोन वेळचा सराव लावला होता. इथून पुढे सुट्टीनंतर पहिले दोन-तीन आठवडे एकाच वेळचा ठेवणार.

आमच्याकडे जिम नाही, बार नाही. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत वाळू भरून, तोंड शिवून पाच, दहा आणि पंधरा किलोच्या पिशव्या केल्यात. आडत दुकानातल्या काट्यावर तोलून घेतल्या, वर खडूने आकडे टाकले. पिशवी छातीशी धरून बैठक. चालेल ना? दुसरीच्या घरचे सोमवारी शल्यविशारदांना भेटतायत, मी सोबत जाणार आहे. काय विचारायचं ते सांगा.

मृण्मयी_फिजिओ

पिशव्या झकास. छातीशी धरल्या तर हात आधी थकतील, म्हणून पंधरा किलोच्या पुढे दप्तरात घालून पाठीला लावा. आणि दोन्ही पायांवर पंधरा किलो तिला महिन्याभरात हलकं वाटेल, तेव्हा एका पायावर न्या. मागचा पाय बाकावर, पुढच्यावर बैठक. रोज सकाळी पायरीवर दुखणं दहापैकी किती, हे तिलाच वहीत लिहू द्या.

सोमवारी हे विचारा: गादी फाटली आहे का, आणि शिवता येईल का? तिची वाढ पूर्ण झालीय का, नसेल तर तंत्र बदलणार का? नवं लिगामेंट कुठून घेणार, मांडीमागून की वाटीखालून? खो-खोपटूचं उकिडवं बसणं लक्षात घेऊन सांगा म्हणावं. आणि ऑपरेशननंतर फिजिओथेरपी किती महिने, कुठे, किती खर्चाची? शेवटचा प्रश्न विसरू नका. ऑपरेशनचे पैसे लोक कसेबसे उभे करतात आणि पुढच्या नऊ महिन्यांसाठी हातात काहीच उरत नाही. जवळ कोणी नसेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आठवड्यातून एकदा व्हिडिओवर तिचा व्यायाम मी बघेन.

लाल_माती

मास्तर, धाराशिवला माझा मावसभाऊ आहे, त्याच्याकडे जुनी बैठकीची लोखंडी चाकं पडून आहेत. पत्ता व्यनित पाठवा, पुढच्या आठवड्यात पोचवतो.